गटारीनंतरचा तिसरा दिवस : श्रावणासाठी दारू एकदम बंद करणाऱ्यांच्या घरच्यांनी वाचावं असं

गोदाकाठ
दिव्याची अमावास्या झाली की नाशकात घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : "आता गणपतीपर्यंत शिवायची नाही." आठवड्यातून एकदा-दोनदा घेणाऱ्याला याने काही होत नाही, झाला तर फायदाच. धागा त्यांच्यासाठी नाही. धागा आहे रोज पिणाऱ्यांसाठी, आणि त्यातही सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला ज्यांना घोटभर लागते त्यांच्या घरच्यांसाठी. अशा माणसाने एका रात्रीत दारू बंद केली तर पुढचे चार-पाच दिवस त्याच्या जिवाला खरा धोका असतो. गंमत अशी की हेच चार दिवस घरात सगळ्यात आनंदाचे मानले जातात.

आत काय घडतं ते थोडक्यात. मेंदूत गाबा नावाचं रसायन शांत करतं आणि ग्लुटामेट चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू उलट बाजूने ताण वाढवून तोल सांभाळतो. उतारावर हँडब्रेक ओढून, वर ॲक्सिलरेटर दाबून धरलेल्या गाडीचा हँडब्रेक एकदम सोडावा तसं मग दारू थांबल्यावर होतं. नाडी, रक्तदाब, घाम, थरथर, सगळं एकाच वेळी वर जातं.

वेळापत्रक शेवटच्या पेगपासून मोजायचं, सोडायचं ठरवलं त्या दिवसापासून नाही. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळ, धडधड, झोप उडते, चिडचिड होते. १२ ते २४ तासांच्या सुमारास काहींना नसलेलं दिसायला किंवा ऐकू यायला लागतं, पण वार-तारीख, घरचे लोक ओळखू येतात. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत. आणि सगळ्यात वाईट ते ४८ ते ९६ तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी : भान सुटणं, ताप, अंग घामाने निथळणं, नाडी १२०-१३० च्या घरात. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स किंवा नुसतं डीटी म्हणतात. उपचार नसताना यात शंभरातले पंधरा आणि त्याहून जास्त दगावत असत. वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण पाचाच्या आत येतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस जरा बरा वाटतो, जेवतो, घरचे निश्चिंत होतात. नेमकं तेव्हाच सावध राहायचं.

शिफ्टवाला
रोज एक क्वार्टर म्हणजे 'जास्त' की 'बेताची'? अंबड-सातपूरला सेकंड शिफ्ट सुटल्यावर क्वार्टर हा नेमच आहे बऱ्याच जणांचा. त्यांनाही हे लागू का?

केमिस्ट_शालिमार
हिशोब करू या. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७९, भागिले १०० केलं की शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये मिळतं. ३० मिलीचा पेग साधारण १० ग्रॅम. १८० ची क्वार्टर ६० ग्रॅम. ६५० मिलीची स्ट्राँग बियर, ८ टक्के धरली तर ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. "मी फक्त बियर घेतो" म्हणणाऱ्यांच्या दोन बाटल्या क्वार्टरच्या पुढे जातात.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री ११ ला क्वार्टर संपवलेल्याच्या रक्तात सकाळी ६ लाही थोडी शिल्लक असू शकते. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, फर्स्ट शिफ्टला बाइकवर निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

क्वार्टरवाल्यांपैकी बऱ्याच जणांना थरथर आणि निद्रानाश यावर भागतं, पण खात्री कुणी देऊ नये. दिवसाला दोन क्वार्टर, म्हणजे १२० ग्रॅमच्या आसपास गेलं की डॉक्टरशिवाय बंद करूच नये. त्याच्या दुप्पट असेल तर सरळ भरती व्हावं.

वॉर्ड_नंबर_सात
प्रमाणापेक्षा हे प्रश्न जास्त कामाचे : सकाळी उठल्याउठल्या लागते का? आधी कधी सोडताना फिट आली होती का? भ्रम झाला होता का? साठीच्या पुढे वय, मधुमेह, यकृताचा आजार, झोपेच्या गोळ्यांची सवय आहे का? यातल्या एकालाही 'हो' असेल तर घरी प्रयोग नको.

अजून एक, जे फारसं कुणी सांगत नाही. प्रत्येक वेळी सोडणं आणि परत धरणं यात मेंदू जास्त तापट होत जातो. पहिल्या वर्षी नुसता घाम, तिसऱ्या वर्षी थरथर आणि उलट्या, सहाव्या वर्षी फिट. म्हणून "मागच्या श्रावणात काही झालं नव्हतं" हा दिलासा नाही. दर श्रावणात सोडून दर विसर्जनाला धरणाऱ्याला धोका दरवर्षी वाढतो.

सिडकोची_ताई
घरच्यांनी नेमकं बघायचं काय? आमच्याकडे बायाबापड्यांना "नाटकं करतोय" आणि "खरंच त्रास होतोय" यातला फरकच कळत नाही.

वॉर्ड_नंबर_सात
दर तीन-चार तासांनी चार गोष्टी बघा, रात्रीसुद्धा.

दोन्ही हात समोर ताणून बोटं फाकवायला सांगा. हात न ताणताही थरथर दिसत असेल तर प्रकरण साधं नाही. जीभ बाहेर काढायला सांगा, तिचीही थरथर दिसते. मग नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट. शांत पडलेला असताना १०० च्या वर असेल तर दवाखाना. थर्मामीटर लावा, १०० च्या पुढे ताप असेल तरी तेच. शेवटी विचारा : आज वार कोणता, आपण कुठे आहोत, दुपारी कोण येऊन गेलं? उत्तर चुकलं किंवा गोंधळलं तर वाट बघत बसू नका, १०८ लावा.

भ्रम सुरू होताना हात आधी बोलतात. माणूस चादरीवरून न दिसणारे मुंगळे वेचतो, चादरीचा काठ चिमटीत धरून दोरा ओढत राहतो. काही जण आपल्या कामाच्या हालचाली करतात : लेथवर काम करणारा हवेत हँडल फिरवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो, शिंपी सुई ओवतो. घरचे हसतात किंवा देवाचं झालं म्हणतात. "नाटकं" आणि त्रास यांचा फरक इथे दिसतो. घाम, नाडी आणि ताप यांचं सोंग आणता येत नाही.

फिट आली तर डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली उशी किंवा घडी घातलेला कपडा ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा आणि चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही, फक्त हवा अडते. दारू सोडताना आलेली फिट एका मिनिटात थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांत दुसरी येऊ शकते.

इगतपुरीकर
यापेक्षा दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवलं तर? वातावरणही बदलतं, दारूही मिळत नाही.

गोदाकाठ
नंतर जाऊ द्या, आत्ता नको. मौनात बसलेल्या माणसाच्या हाताची थरथर आणि गोंधळ लवकर कुणाच्या लक्षात येणार? आधी शरीरातून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढा, दोन-तीन आठवडे स्थिर होऊ द्या, आणि शिबिराच्या अर्जात व्यसनाचं आणि गोळ्यांचं खरं लिहा. माळ घालून थेट पायी दिंडीला निघणाऱ्यांनाही हेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, घाम आणि वर वीस किलोमीटर चाल म्हणजे शरीरातलं पाणी, पोटॅशियम, मॅग्नेशियम सगळं खाली. फिट आली तर रस्त्यात. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, तारीख आठवडाभर पुढे ढकला एवढंच.

द्राक्षमळा
आमच्या भागात सरळ उपाय म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरकडून दोन सलाईन लावून घ्यायच्या. अंगात तरतरी येते. त्यात काय वाईट?

वॉर्ड_नंबर_सात
बाटली कसली आहे त्यावर आहे सगळं. रोज पिणाऱ्याचं जेवण तुटलेलं असतं, आणि आतडं बी-१, म्हणजे थायमिन, नीट शोषत नाही. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. साखर पेशीत जाळायला थायमिन लागतं. साठा संपलेल्या माणसाला नुसती ग्लुकोजची बाटली चढवली की उरलंसुरलं थायमिन तिथे खर्च होतं आणि मेंदूचे काही भाग उपाशी पडतात. यातून वेर्निके नावाचा आजार होतो : डोळ्यांची बुबुळं थरथरतात किंवा अडकतात, चाल फाकते, माणूस गोंधळतो. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, बहुतेकदा एखाद-दुसरंच दिसतं. काही वेळा पुढे कायमची विस्मृती राहते, माणूस नवीन काही लक्षात ठेवू शकत नाही आणि मधल्या जागा बनवाबनवी करून भरतो.

म्हणून नियम : थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत, आणि इंजेक्शनने. तोंडावाटे दिलेलं पिणाऱ्याच्या पोटात फारसं शोषलं जात नाही. वेर्निकेची शंका असेल तर रुग्णालयात ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा शिरेतून देतात. तुलनेसाठी, दुकानातल्या साध्या बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूलमध्ये बी-१ पाच-दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं. त्यावर विसंबू नका.

केमिस्ट_शालिमार
यात एक भर हवी, नाहीतर लोक ग्लुकोजलाच घाबरतील. रक्तातली साखर खरंच खाली गेली असेल तर ग्लुकोज ताबडतोब द्यायचं, थायमिन शोधत बसायचं नाही. दारू यकृताला नवीन साखर बनवू देत नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडवाला मधुमेही रात्री न जेवता पिऊन झोपला तर पहाटे साखर ४० पर्यंत खाली येऊ शकते, आणि वास दारूचा येतो म्हणून सगळे "चढलीय, झोपू दे" म्हणतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर आधी बोट टोचा. ७० च्या खाली आणि शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, थेट १०८.

वॉर्ड_नंबर_सात
बरोबर. साखर कमी असेल तर दोन्ही एकदम द्यायचं, वाद नाही.

शिफ्टवाला
मग उतारा काय वाईट? सकाळी एक पेग दिला की थरथर थांबते, डोळ्यांनी दिसतं ते.

गोदाकाठ
थांबते कारण मेंदूला मागितलेलं मिळालं. ज्याला आज डॉक्टर मिळत नाही आणि थरथर सुरू झाली आहे, त्याने एकदम बंद करण्यापेक्षा मोजून कमी करणं सुरक्षित. हे मत माझ्या एकट्याचं नाही, व्यसनमुक्तीत काम करणारे डॉक्टरही ते सांगतात. पद्धत अशी : आधी आहे तेवढं तीन-चार दिवस स्थिर ठेवा आणि लिहा. मग दर चार दिवसांनी साधारण दहा टक्के कमी. १८० वरून १६०, मग १४५, मग १३०. मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण किंवा सिरिंज घ्या. 'अंदाजे अर्धा ग्लास' हा अंदाज दर दिवशी मोठा होत जातो. मध्येच घाम आणि थरथर वाढली तर आदल्या मापावर परत जाऊन आठवडाभर थांबा. आधी फिट आलेल्याने हे घरी करायचं नाही. आणि एकदा भान सुटलं की तोंडात दारू ओतणं म्हणजे फुफ्फुसात ओतणं.

माझं प्रामाणिक मत, हा मार्ग शिस्तीच्या माणसाचा आहे, आणि शिस्त असती तर बहुतेकांना तो लागलाच नसता. डॉक्टरांकडच्या पाच-सात दिवसांच्या गोळ्यांनी हेच काम कमी त्रासात होतं.

केमिस्ट_शालिमार
त्या गोळ्यांबद्दल. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम पहिल्या दिवशी जास्त आणि रोज उतरत्या प्रमाणात देतात. यकृत फार बिघडलं असेल तर लोराझेपाम, कारण ते शरीरात साचत नाही. या गोळ्या चिठ्ठीवरच मिळतात आणि तसंच असायला हवं. गोळी चालू आणि वरून दारूही, हे दोन्ही एकदम झालं तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. म्हणून गोळ्यांची पट्टी घरच्या माणसाकडे, दिवसाची दिवसाला द्यायची.

दुकानात सगळ्यात जास्त विचारलं जातं ते मात्र वेगळंच : "जेवणात कालवून देता येईल असं काही आहे का, त्यांना कळू न देता?" आहे, आणि तेच करू नका. डायसल्फिराम दारूचा निपटारा अर्ध्यावर अडवतं, रक्तात ॲसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो आणि हृदय कमकुवत असेल तर संपतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. योग्य पद्धत : रुग्णाची लेखी संमती, यकृताची तपासणी, शेवटच्या पेगला किमान २४ तास उलटलेले, आणि खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथिक थेंब, काही माउथवॉश यांतही अल्कोहोल असतं याची समज. जाहिरातीतल्या 'चवहीन पावडरी'त काय असतं ते पाकिटावर नसतं, यावरूनच ओळखा.

मालेगाव_एक्सप्रेस
आमच्याकडे दारूपेक्षा 'कुत्ता गोळी'चा प्रश्न मोठा आहे. ती पण अशीच एकदम बंद करता येत नाही म्हणतात, खरं का?

केमिस्ट_शालिमार
खरं. बहुतेक वेळा ती अल्प्राझोलाम असते, आणि ती दारूच्याच जागी, गाबावरच काम करते. काही महिने रोज घेतलेली एकदम सोडली तर फिट येते, एक-दोन दिवसांत किंवा उशिरानेही. डॉक्टर ती आठवडे-महिने घेऊन टप्प्याटप्प्याने उतरवतात, बऱ्याचदा आधी डायझेपामवर वळवून. दारूच्या पाच दिवसांच्या हिशोबात हे बसत नाही. आणि दारू सोडण्यासाठी परस्पर 'झोपेची गोळी' सुरू करणारे एका दोरीतून सुटून दुसरीत अडकतात.

शिफ्टवाला
आणि एमडी? २०२३ मध्ये शिंदे गावात कारखाना पकडला तेव्हापासून पोरांच्या तोंडी तेच नाव.

वॉर्ड_नंबर_सात
तो वेगळ्या धाग्याचा विषय, दोन ओळी लिहिते. एमडी म्हणजे मेफेड्रोन, उत्तेजक. धोका घेतलेली असतानाच जास्त : ताप १०४ च्या पुढे, नाडी बेफाम, संशय, भास. उतारा-औषध नाही, थंड पाण्याच्या पट्ट्या, हवा, आणि लगेच रुग्णालय. बंद केल्यावर दोन-तीन दिवस माणूस नुसता झोपतो, मग खोल उदासी येते. त्या दिवसांत आत्महत्येचा विचार येऊ शकतो, म्हणून एकटं सोडू नका. दारूसोबत घेतली तर नशा चढलेली कळत नाही आणि दुप्पट पिऊन होतं.

सिडकोची_ताई
नाशकात न्यायचं कुठे? आणि ते साखळीने बांधून ठेवणारे केंद्रवाले कितपत खरे?

गोदाकाठ
फिट, ताप, गोंधळ असेल तर व्यसनमुक्ती केंद्र नाही, रुग्णालय. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, नाशिकरोडचं बिटको, आडगावचं मेडिकल कॉलेज यांपैकी जवळ जे असेल ते, अपघात विभागात. पेठ-सुरगाण्याकडच्यांनी आधी ग्रामीण रुग्णालय गाठून तिथून १०८ ने पुढे यावं. बोलायलाच कुणी हवं असेल तर टेली-मानस १४४१६ आणि केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत.

केंद्र निवडताना पाहायचं : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी भिंतीवर आहे का, मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का आणि आठवड्यातून किती वेळा, रात्री नर्स कोण, फिट आली तर कुठे नेतात, पहिल्या आठवड्यात घरच्यांना भेटू देतात का. त्या कायद्याने साखळीला सरळ बंदी आहे. इच्छेविरुद्ध भरती करायची तर दोन तज्ज्ञांनी तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि तीही सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. "सही करा, सहा महिन्यांनी घेऊन जा" म्हणणाऱ्याकडून उठून या.

द्राक्षमळा
हातभट्टीवाल्यांचं काही वेगळं का? आमच्याकडे गटारीला बाहेरून कॅन येतात.

वॉर्ड_नंबर_सात
त्यात मिथेनॉल असेल तर सगळं वेगळं. २०१५ मध्ये मालवणीला शंभरावर माणसं त्यानेच गेली. पिऊन आल्यावर नेहमीसारखी चढते, सकाळी उतरल्यासारखं वाटतं, आणि १२ ते २४ तासांनी पोटात दुखणं, धाप, डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरं दिसणं सुरू होतं. लोक त्याला हँगओव्हर समजून झोपतात. नजर धुरकट झाली की एक तासही घालवू नका. डायलिसिस असलेल्या रुग्णालयातच न्या, आणि त्याच कॅनमधलं ज्यांनी ज्यांनी प्यायलं त्या सगळ्यांना बोलवा, त्रास सुरू झालेला नसला तरी.

केमिस्ट_शालिमार
दुखण्याच्या गोळ्यांचं राहिलं. सोडलेल्या दिवसांत डोकं दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. पिणाऱ्याच्या जठरात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल चालेल, पण दिवसभरात २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत कॉफीच्या गाळासारखं काही पडलं तर श्रावण-बिवण विसरा, लगेच निघा.

सिडकोची_ताई
अजून एक. पाय मोडला किंवा हर्नियाचं ऑपरेशन म्हणून भरती झालेला माणूस तिसऱ्या दिवशी बडबडायला लागतो, ते पण हेच का?

वॉर्ड_नंबर_सात
पुष्कळदा हेच. घरचे लाजेखातर "घेत नाहीत हो" सांगतात आणि तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पेशंट वॉर्डात फिरतो. सगळे म्हणतात भूल चढली. भरती करताना भूलतज्ज्ञाला खरं सांगा, ते पहिल्या दिवसापासून गोळ्या आणि थायमिन चालू करतात.

अपघात विभागात जाताना कागदावर हे लिहून न्या : शेवटचा पेग किती वाजता, रोज किती आणि काय, किती वर्षं, आधी फिट किंवा भ्रम झाला होता का, सोबत कोणत्या गोळ्या, साखर-बीपी-काविळीचा इतिहास, आणि मागचे दोन दिवस पोटात काय गेलं.

शिफ्टवाला
'रोज किती' हे क्वार्टरमध्ये लिहायचं की मिलीत?

वॉर्ड_नंबर_सात
मिलीत, आणि टक्केवारीसकट. रिकामी बाटली सोबत नेली तर सगळ्यात उत्तम, लेबल आम्ही वाचतो. आणि जो माणूस सांगेल तो रोज सोबत राहणारा असावा. पेशंट स्वतः निम्मं सांगतो, बायको बहुतेक बरोबर सांगते.